फवारणीलाही आवर्तन हवं

फेब्रुवारीत सांगोल्याजवळ दाजींच्या डाळिंबाच्या बागेत उभा होतो. आंबे बहाराची कळी निघालेली. दाजींनी खिशातून पोराच्या वहीचं कोरं पान काढलं, एका फांदीखाली धरलं आणि फांदीला चार टिचक्या मारल्या. पानावर आधी नुसती धूळ दिसली. मग त्या धुळीतले काही पिवळसर कण चालायला लागले. फुलकिडे. जिऱ्याच्या एका दाण्याचे चार तुकडे करावेत, तेवढा एकेक. "तीन दिवस झाले फवारून," दाजी म्हणाले, "आन् हे बगा, फिरायला निघाल्यात." हे किडे कोवळं फळ खरवडतात. फळ मोठं झालं की तो खरवडा सालीवर खपलीसारखा उमटतो आणि निर्यातीचा माल लोकल मार्केटच्या क्रेटमध्ये जाऊन पडतो. दाणे तेच, गोडी तीच, भाव मात्र गेलेला.

दाजींचं निदान तयार होतं: औषध बोगस. आपल्याकडे हे निदान अगदीच हवेतलं नसतं, बोगस माल बाजारात येतो, पकडलाही जातो. पण मी शेडमधल्या रिकाम्या बाटल्या उचलून बारीक अक्षर वाचत बसलो. पहिली इमिडाक्लोप्रिड. आठ दिवसांनी मारलेली दुसरी थायामेथोक्झाम. तिसरी "जरा कडक" म्हणून दिलेली, ती थायामेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांचं मिश्रण. तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या रंगांची लेबलं, तीन वेगळी बिलं. दाजींच्या मते त्यांनी औषध बदलून बदलून मारलं होतं. किड्याच्या मते मात्र तिन्ही वेळा एकच औषध आलं होतं. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम दोन्ही किड्याच्या मज्जातंतूवर एकाच जागी बसतात. कीटकनाशक कंपन्यांच्याच आंतरराष्ट्रीय समितीने कामाच्या पद्धतीनुसार औषधांचे गट पाडलेत, त्यात ही दोन्ही ४-ए या एकाच गटात आहेत. एका कुलपाला त्याच किल्लीच्या तीन नकला लावून बघाव्यात, तसला हा प्रकार.

माझं म्हणणं असं, की औषध बहुतेक वेळा ठीक असतं. कीड बदललेली असते. ती आपण बदलली आहे, आणि एकेकट्याने बदललेली नाही, गावाने मिळून बदलली आहे. त्यामुळे तो प्रश्न दाजींच्या बांधाच्या आत सुटणार नाही.

हे "बदलणं" म्हणजे काय, ते समजायला सोलापूरकराला लांब जायला नको. मोहोळला जा. आपण जी मालदांडी ज्वारी खातो, तिचा ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडीने तयार झाला. स्थानिक मालदांडीतून चांगली ताटं निवडायची, त्यांचंच बी पेरायचं, त्यातून पुन्हा निवडायचं. ज्वारीला कुणी काही शिकवलं नाही. जी ताटं कमी पाण्यावर टिकली, ज्यांची भाकरी गोड लागली, त्यांचा वंश ठेवला, बाकीच्यांचा सोडला. फवारणी नेमकं हेच करते, फक्त निवड उलट बाजूने होते. बागेतल्या लाखो फुलकिड्यांत थोडेसे असे असतातच, ज्यांच्या अंगात ते विष मोडून टाकणारं द्रव्य जरा जास्त तयार होतं, किंवा ज्यांच्या मज्जातंतूवरची ती जागा किंचित वेगळ्या घडणीची असते. औषध बाकीच्यांना मारतं आणि या थोड्यांना मोकळं रान देतं. पुढची पिढी त्यांची. आठ दिवसांनी त्याच गटाचं औषध म्हणजे त्याच वाणाची दुसरी निवड. किड्याला औषधाची "सवय" लागते असं आपण बोलतो, ते चुकीचं आहे. सवय कुठल्याच किड्याला लागलेली नसते. ज्यांना लागायची ते मेलेले असतात.

फुलकिड्यांचं तर आणखी एक आहे. त्यांच्यात नर जन्मतो तो फलन न झालेल्या अंड्यातून, म्हणजे त्याच्याकडे जनुकांचा एकच संच असतो. आपल्यासारखे दोन संच असले की एखादा गुण दुसऱ्याच्या आड झाकून राहतो. फुलकिड्याच्या नराला आड घ्यायला दुसरा संचच नाही. प्रतिकाराचा गुण त्याच्या अंगात असेल तर तो लगेच कामाला लागतो. त्यात आपलं ऊन. मार्चपासून पारा चढत जातो तशी त्यांची पिढी आखडत जाते. वर्षाला पंधरा पिढ्या धरल्या तरी वीस वर्षांत तीनशे झाल्या. माणसाच्या तीनशे पिढ्या म्हणजे साडेसात हजार वर्षं. दाजींनी बाग लावल्यापासून फुलकिड्यांनी एवढा इतिहास बघितलाय, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्यावर एकच परीक्षा होती.

हे आज कळलंय असंही नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फळबागांवरच्या सॅन होजे खवले किडीवर चुना-गंधकाचं द्रावण चालेना, तेव्हा मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच विचारून ठेवलं होतं, की किडी फवाऱ्याला दाद देईनाशा होऊ शकतात का? तेव्हा डीडीटी अजून यायचं होतं. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९मध्ये सापडला, त्याबद्दल म्युलर यांना १९४८चं नोबेल मिळालं, आणि आपल्या देशात १९५३पासून हिवतापाविरुद्ध घरोघर त्याची फवारणी सुरू झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता. १९६५पर्यंत ते सुमारे एक लाखावर आले. ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती, आणि रसायनांचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. पण १९७६मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. कार्यक्रमात ढिलाई आली होती, औषधाचा तुटवडा होता, आणि डासांमध्ये डीडीटीचा प्रतिकारही पसरला होता. आज जगात सहाशेहून अधिक जातींच्या कीटक-कोळ्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या औषधाचा प्रतिकार नोंदलेला आहे.

आपल्या राज्यात याचा सगळ्यात महाग धडा कापसाने दिला. सोलापूरची चादर जगभर गेली, पण कापूस पिकवणारे मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातले. म्हणून आपण ती बातमी दुसऱ्याच्या घरची म्हणून वाचली. २००२मध्ये एका जनुकाचं बीटी आलं, म्हणजे बोंडअळी मारणाऱ्या जिवाणूचं जनुक घातलेलं कापसाचं बी, २००६मध्ये दोन जनुकांचं. २०१०मध्ये गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणं सोडल्याचं जाहीर झालं, आणि २०१७च्या हंगामात दोन जनुकांचा बीटी कापूस उभाच्या उभा पोखरला गेला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती सगळी फवारणी बोंडअळीसाठी नव्हती. पण एक उपाय ढासळला की शेतकरी पंप पाठीवर घेऊन किती वेळा रानात उतरतो, ते त्या वर्षी दिसलं.

यात मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते त्या १२० ग्रॅमच्या पाकिटाबद्दल. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत साध्या, बिगरबीटी कापसाचं १२० ग्रॅम बी मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं. कशासाठी? तर अळीला खायला. ऐकायला खुळेपणा वाटतो, पण हिशेब पक्का होता. बीटीवर जगून वाचलेला एखादा प्रतिकारक पतंग कडेच्या साध्या कापसावरून आलेल्या शेकडो साध्या पतंगांतल्या कुणाशी तरी जुळेल, आणि त्याचा गुण पुढच्या पिढीत पातळ होईल. म्हणजे ती कडेची ओळ ही "मरू शकणारी कीड" जिवंत ठेवण्याची तरतूद होती. बार्शीकडच्या माझ्या एका मावसभावाने दोन वर्षं कापूस केला. त्याच्याकडे ते पाकीट मी स्वतः बघितलंय, गोठ्याच्या कौलात खोचलेलं. "हे लावून किडीला जेवण घालू व्हय?" त्याचा प्रश्न. त्याला मूर्ख म्हणायला मी तयार नाही. दीड-दोन एकरात पाचवा हिस्सा किडीला सोडणं म्हणजे घरातल्या पाचांपैकी एकाचं ताट उचलणं. शिवाय तिथे कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड म्हणून उभा राहायचा, म्हणजे अळीचं खाणं वर्षभर चालू. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी ही कडेची ओळ पाळली, पुढे २००६पासून नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८मध्ये त्यांच्या देशाने गुलाबी बोंडअळी कापसातून संपल्याचं जाहीर केलं. कीड तीच आणि विष तेच होतं. फरक होता तो एवढाच, की तिथे ओळ सोडण्याचं ओझं मोठ्या शेतांनी आणि संघटनांनी मिळून उचललं. आपण ते एका पाकिटात घालून गोठ्याच्या कौलापर्यंत पोचवलं आणि कर्तव्य झालं म्हणून टाकलं. नंतर साधं बी पिशवीतच मिसळून द्यायची पद्धत आली. तोवर गुलाबी अळीपुरता उशीर झालेला होता.

आता शहरात येऊ, कारण हे वाचताना सोलापुरातल्या बंगल्या-फ्लॅटातला माणूस "हा शेतीचा विषय" म्हणून पान उलटण्याच्या बेतात असेल.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा. म्हणून प्रत्येक घरापुढे निळा प्लास्टिकचा बॅरल, मोरीत हौद, गच्चीवर टाकी. पाणी आलं की बॅरल वरून भरायचा, तांब्या-तांब्याने काढायचा, आणि तो रिकामा होण्याआधी पुन्हा पाणी येतं. तळचं वीतभर पाणी महिनोन् महिने हलत नाही. बॅटरीचा उजेड टाकून बघा. आत बारीक काळे स्वल्पविराम वळवळत वर येतात, शेपटी पाण्याच्या पृष्ठाला लावून श्वास घेतात आणि सावली पडली की खाली पळतात. त्या डेंग्यूच्या डासाच्या अळ्या. त्याची अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटवलेली असतात, आणि कोरडी राहूनही काही महिने तगतात. म्हणून "कोरडा दिवस" पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, बॅरलची भिंत घासावी लागते.

या डासाचं मूळ घर आफ्रिकेतलं जंगल. तिथे त्याचे भाऊबंद आजही प्राण्यांना चावतात, माणसाकडे फारसे फिरकत नाहीत. मग काहींना माणसाचीच चटक का लागली? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणांहून अंडी आणून डास वाढवले आणि त्यांना माणसाचा वास व प्राण्याचा वास यात निवड करायला दिली. माणसाकडे ओढा सगळ्यात जास्त निघाला तो जिथला उन्हाळा लांब, कडक आणि कोरडा आहे तिथल्या डासांचा. दाट वस्तीचाही त्याला थोडा हातभार होता. कारण उघड आहे: तिथे सात-आठ महिने पाणी मिळतं ते फक्त माणसाने साठवलेलं. ज्यांनी माणसाच्या रांजणात अंडी घातली ते जगले, आणि रांजणाशेजारी चावायला मिळायचा तोही माणूसच. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली बॅरलची रांग आठवली. लांब उन्हाळा, साठवलेलं पाणी, चिकटून घरं. सोलापूर त्या डासाला अगदी माहेरासारखं आहे. पाणी रोज, ठरलेल्या वेळी सोडणं हा पाणीपुरवठ्याचा विषय म्हणून आपण भांडतो. तो आरोग्य खात्याचाही पहिला विषय असायला हवा, कारण साठवलेलं पाणी कमी करणारा उपाय असा आहे की ज्याला प्रतिकार करायला डासाला फार कठीण जाईल.

त्याऐवजी आपल्या गल्लीत काय येतं? धुराची गाडी. पोरं मागे पळतात, बायका दारं लावून घेतात, नगरसेवक होऊ इच्छिणारा एखादा मोबाइल धरून उभा असतो. धुराने हवेत असलेले डास मरतात, सगळे तेही नव्हे. बॅरलमधल्या अळ्यांना त्याची खबरही नसते. मग रात्री आपण कॉइल लावतो किंवा लिक्विडची मशीन. त्यातलं औषध पायरेथ्रॉइड गटातलं. दाजींच्या तिसऱ्या बाटलीतलं लॅम्बडा सायहॅलोथ्रिन हेही त्याच गटातलं, ३-ए. औषध लावलेल्या मच्छरदाणीवरही मुख्यतः हाच गट. म्हणजे एकाच गटाचं विष आपण रानात पंपाने, गल्लीत कधी गाडीने आणि उशाशी रात्रभर वापरतो, आणि परत विचारतो की डास मरत का नाहीत.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण झुरळाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वयंपाकघरात जे लहान तपकिरी झुरळ असतं, त्याला जर्मन झुरळ म्हणतात. २०२४मधल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे ते जर्मनीतलं नाहीच. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं. म्हणजे आपलंच पोर. तर या झुरळांसाठी विष घातलेलं ग्लुकोजचं आमिष वापरायला लागले. काही वर्षांत १९९०च्या सुमारास अशी झुरळं सापडली, की जी ग्लुकोज तोंडाला लागताच मागे सरतात. त्यांच्या जिभेला, जिभेसारखं जे काही असतं त्याला म्हणा, ग्लुकोज कडू लागतं. गोड हे कडू लागणारी जात आपल्या ओट्याखाली तयार झाली. गड्ड्याच्या यात्रेत मिठाईच्या दुकानासमोर उभं राहून हे आठवलं की हसू येतं.

यावर दोन बाजूंनी ठरलेली उत्तरं येतात, आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. दुकानदाराचं उत्तर: नवीन मॉलिक्यूल आलाय, मालक, रिझल्ट बघा. नवीन औषध हवंच, पण त्याच पद्धतीने वापरलं तर त्याचाही तोच शेवट. दुसरं उत्तर व्याख्यानातलं: रसायनं सोडा, सेंद्रिय करा, निसर्ग बघून घेईल. सेंद्रिय करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण उत्क्रांतीला सेंद्रिय-रासायनिक हा भेद कळत नाही. बीटी जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीत चालते. हवाईत तिचा वारंवार वापर झाला आणि कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने १९९०पर्यंत तिलाही प्रतिकार दाखवला. अमेरिकेतल्या मक्याच्या मुळं खाणाऱ्या एका भुंग्याने तर पिकाच्या फेरपालटालाच हरवलं. मका-सोयाबीन-मका असं आलटून पालटून घेत, तर त्यातल्या काही माद्या सोयाबीनमध्ये अंडी घालायला लागल्या, पुढच्या वर्षी तिथे मका येणार म्हणून. फेरपालटाइतका पवित्र उपाय आणि त्यालाही वळसा. कुठलाही एकच उपाय, सगळीकडे, दरवर्षी, म्हणजे निवड आलीच. उलट दोष प्रत्येक वेळी प्रतिकाराला देणंही बरोबर नाही. सांगोल्याच्या बागा मोठ्या प्रमाणात काढाव्या लागल्या त्या खोडकिडा आणि मर रोगाने. तिथे रोपं, पाणी, दाटी अशी वेगळी कारणं आहेत. २०१८मध्ये मक्यावर लष्करी अळी आली, ती बाहेरून आलेली पाहुणी होती.

मग करायचं काय? मला वाटतं हा शब्द आपल्या जिल्ह्याकडे आधीच आहे: आवर्तन. उजनीच्या कालव्याला पाणी कधी सुटणार, किती दिवस, टेलला आधी की हेडला, यावर आपण बैठका घेतो, भांडतो, रस्ता अडवतो, आणि शेवटी एक पाळी ठरते. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा दार उघडलं तर टेलला थेंब पोचणार नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कीड औषधाने मरते, हा तिचा गुण कालव्याच्या पाण्यासारखाच सगळ्यांचा मिळून आहे. फुलकिडा सातबारा बघत नाही. माझ्या शेतात निवडलेला प्रतिकारक किडा वाऱ्यावर तुमच्या बागेत येतो. तेव्हा एका शिवारात एका काळात एकच गट, ठराविक आठवडे, मग सगळ्यांनी मिळून तो बंद आणि दुसरा, असं फवारणीचं आवर्तन गावाने ठरवायला हवं. कळीच्या काळात ४-ए चालवला तर फळ धरल्यानंतर तो कुणीच वापरायचा नाही. बांधावर फुलझाडांची एक ओळ राखायची, जिथे ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या जगतील. त्यांची पैदास किडीपेक्षा हळू असते, त्यामुळे फवारणीच्या शर्यतीत तेच आधी संपतात.

यासाठी डोळस व्हायला दोन गोष्टी लागतील. पहिली, बाटलीवर गट मोठ्या अक्षरात. विषारीपणाचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण आपण छापतो, तसाच. ऑस्ट्रेलियात शेती औषधांवर गट छापतात. दाजींच्या तिन्ही बाटल्यांवर मला तो सापडला नाही. मोबाइलवर शोधून मी तो मार्करने लिहिला: ४-ए, ४-ए, ४-ए अधिक ३-ए. दाजी बराच वेळ ते आकडे बघत राहिले. तीन बिलांपेक्षा त्या तीन आकड्यांनी त्यांना जास्त राग आला. दुसरी गोष्ट चाचणी. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शेजारी विद्यापीठ आहे. वेगवेगळ्या गावांतले फुलकिडे आणून पानं औषधात बुडवून कोणत्या औषधाने किती मरतात, हे दर हंगामात बघणं ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातली कामं आहेत. डासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची नळी-चाचणी ठरलेली आहे: औषध लावलेल्या कागदाजवळ एक तास ठेवायचं, चोवीस तासांनी मोजायचं. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतं, ९०पेक्षा कमी मेले तर प्रतिकार आला. धुराची गाडी पुढच्या वेळी गल्लीत येईल तेव्हा हा आकडा तिच्या पाटीवर लिहून आणावा, एवढीच माझी मागणी आहे. आकडा नसेल तर डिझेल जाळू नये.

हे सगळं मी दाजींना शेडमध्ये बसून सांगितलं, बहुधा गरजेपेक्षा लांबवून. बहिणीने चहा दिला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, मार्करने लिहिलेली एक बाटली हातात फिरवली आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचं पटलं. पण मी एकट्यानं थांबून काय व्हायचं? शेजारचा मारणारच हाय. त्याची कीड माझ्याकडं येणार, माझं फळ खरवडणार, आन् मग बँकेवाला माझ्या दारात."

यावर मी गप्प बसलो. एकट्याने थांबून काही होणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. थोड्या वेळाने मी विचारलं, की तुमच्या फाट्याच्या कालव्याची पाळी कोण ठरवतं? त्यांनी पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांचं नाव घेतलं, मग स्वतःच हसले. "त्याची स्वतःची बारा एकर बाग हाय. त्याला आधी ह्या बाटल्या दाखवू." आणि बाटल्या पिशवीत भरून त्यांनी मोटारसायकलच्या हँडलला अडकवल्या.